आई, तुझा क्यूआर देतेस का?

पत्र: "मी सहकारनगरला राहते. शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. मिस्टर नाहीत. मुलगा सव्वीस वर्षांचा, खराडीतली नोकरी गेल्यापासून घरीच असतो. आता तो आणि त्याचा एक मित्र इन्स्टाग्रामवर 'फर्स्ट कॉपी' बूट, म्हणजे मोठ्या कंपनीच्या बुटांची हुबेहूब नक्कल, विकणार म्हणतात. कंपनीचा जोड तेरा हजारांचा, हे अकराशेला आणून चोवीसशेला द्यायचे. नमुन्याचे सात जोड दिवाणाखाली येऊन पडलेत. त्याला माझ्या एफडीतले दोन लाख हवेत. शिवाय सुरुवातीला गिऱ्हाइकाचे पैसे माझ्या खात्यावर घेऊ म्हणतो, कारण त्याच्या खात्यात काही आलं की कर्जाचा हप्ता कापला जातो. पार्सलवर पत्ताही आमच्याच घराचा. मी म्हटलं, ही चोरी नाही का? तर म्हणाला, 'आम्ही उघड सांगतो फर्स्ट कॉपी आहे, फसवतो कुणाला? कंपन्याच लुटतात. अख्खं पुणं घालतं.' गंमत म्हणजे कोल्हापुरी चपलेवरून त्या इटलीच्या कंपनीला स्टोरी टाकून शिव्या घालणारा हाच! मला त्याचं बोलणं खोडता येत नाही आणि पटतही नाही. मुलगा वाईट नाही हो. काय करू? ता.क. त्यातला एक जोड माझ्या मापाचा निघाला. सकाळी तळजाईला फिरायला घातला तर चालेल का?" – एक आई

ताई,

आधी खात्याचं बोलू. नाही म्हणा, आणि आजच म्हणा. एफडीचं खाली बघू, पण ज्या खात्यात तुमची पेन्शन येते त्याचा क्यूआर कोड या धंद्याला द्यायचा नाही. नुसते पैसे बुडायची भीती असती तर मी एवढं ठणकावून सांगितलं नसतं. आईचे पैसे बुडवायची परंपरा आपल्याकडे चांगली जुनी आहे, आणि आया त्यातून तरून जातात.

मला बरेच वाचक वकीलबाई म्हणतात. मी वकील नाही, ट्रेडमार्क एजंट होते. शिवाजीनगरला कोर्टाजवळ दहा बाय बाराच्या खोलीत बसून सत्तावीस वर्षं लोकांच्या मसाल्यांची, पापडांची, अगरबत्त्यांची नावं नोंदवायचे अर्ज भरले. त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की मी आधी तिच्यावरची नावं वाचते. ती सवय तुम्हाला पाच मिनिटं उसनी देते. दिवाणाखालचे दोन खोके बाहेर ओढा.

खोक्याच्या अरुंद बाजूला पांढरं लेबल असेल: माप, रंग, मॉडेलचा नंबर, बारकोड. दुसऱ्या खोक्याचं लेबल त्याच्याशेजारी धरा. एक बूट निळा आणि दुसरा काळा असला तरी नंबर तोच निघाला तर नवल वाटून घेऊ नका. एकाच लेबलाच्या हजारो प्रती काढायच्या आणि येईल त्या खोक्यावर डकवायच्या, अशी ही पद्धत. आता बुटाची जीभ उलटून बघा. आत शिवलेल्या पट्टीवर बहुतेक व्हिएतनामचं नाव असेल. बूट व्हिएतनामचा नव्हे. नाक जवळ नेलंत तर आपल्या कोपऱ्यावरच्या चांभाराच्या पेटीतून येतो तसा सोल्यूशनचा वास येईल. खोक्यावर कंपनीचं नाव, देशाचं नाव, आतल्या कागदावर आणखी चार नावं. एवढ्या छापील नावांत एकही खरं नाही. खरं नाव एकाच ठिकाणी आहे, वर चिकटवलेल्या कुरियरच्या कागदावर 'प्रति'च्या पुढे. पाठवणाऱ्याच्या जागी कुठलं तरी एंटरप्रायझेस आणि एक मोबाईल नंबर. तो नंबर सहा महिन्यांनी लावून बघा, लागला तर मला कळवा.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. या साखळीत वरपासून खालपर्यंत सगळे बिननावाचे असतात. नाव, पत्ता आणि बँकेचं खातं लागतं ते फक्त शेवटच्या माणसाला, कारण गिऱ्हाईक त्याच्याकडून घेतं. तुमचे चिरंजीव ती शेवटची जागा घ्यायला निघालेत, आणि जाता जाता ती तुमच्या नावावर करतायत.

वरची मंडळी किती मोठी आहेत ते ऐका. चीनच्या फुजियान प्रांतात पुतियान नावाचं शहर आहे. तिथे आधी मोठमोठ्या कंपन्यांचे बूट कंत्राटावर शिवले जायचे. हातांना ते काम बसलं, आणि मग त्याच गावात नकलांचा धंदा उभा राहिला. आज जगभर 'पुतियानचे बूट' म्हटलं की जाणकार हसतात. ओईसीडी ही श्रीमंत देशांची संघटना आणि युरोपचं बौद्धिक संपदा कार्यालय मिळून या व्यापाराचा हिशेब मांडतात. त्यांच्या अंदाजाने 2021 साली देशोदेशींच्या सीमा ओलांडून गेलेला बनावट माल 467 अब्ज डॉलरचा होता, म्हणजे जगातल्या एकूण आयातीच्या 2.3 टक्के. त्या वर्षीच्या भावाने रुपये केलेत तर आपल्या केंद्र सरकारच्या 2021–22 च्या अंदाजपत्रकाच्या जवळपास जातात. कपडे, पादत्राणं, चामड्याच्या वस्तू यांचा वाटा सगळ्यांत मोठा.

हा माल कस्टम्समधून सुटतो कसा, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. कायदा आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या, 1995 मध्ये लागू झालेल्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या कराराने सदस्य देशांना बंदरावरच नकली माल अडवायची सोय करायला लावली, आणि आपल्याकडे त्यासाठी 2007 चे नियम आहेत. कंपनीने आपला ट्रेडमार्क कस्टम्सकडे नोंदवून ठेवला की न्हावा शेव्यात कंटेनर उघडल्यावर अधिकारी माल रोखू शकतात, आणि नकली ठरला तर तो नष्ट होतो. पण त्याच नियमांत स्वतःच्या वापरासाठी आलेल्या छोट्या पार्सलांना सूट ठेवली आहे. कुणी मामाने भाच्याला पाठवलेला टी-शर्ट धरून सरकारने काय करायचं? साहजिकच मोठ्या खेपा फोडून पार्सलं झाली, आणि जगभर आता सगळ्यात जास्त जप्त्या टपाला-कुरियरच्या छोट्या पाकिटांतच होतात. शिवाय 'थेट चायनाहून' म्हणून विकलेला सगळा माल चायनाचा असतोच असंही समजू नका. दिल्लीच्या करोल बागेतला टँक रोड अमेरिकन सरकारच्या कुप्रसिद्ध बाजारांच्या यादीत उगीच आलेला नाही. नकली मालाची जन्मभूमीसुद्धा नकली असू शकते.

आता कायद्याचं. हे जरा सविस्तर सांगते, कारण चिरंजिवांचा सगळा युक्तिवाद इथे उभा आहे.

ट्रेडमार्क कायदा 1999 चा. त्याचं कलम 104 विकणाऱ्यासाठी आहे: खोटा ट्रेडमार्क लावलेला माल विकणं, विकायला मांडणं, किंवा विकण्यासाठी जवळ बाळगणं. शेवटचे शब्द पुन्हा वाचा आणि दिवाणाकडे बघा. शिक्षा कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि दंड पन्नास हजार ते दोन लाख. याच कलमात सुटकेची एक वाटही दिली आहे. आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, माल खोटा असल्याचा संशय यायचं कारण नव्हतं, विचारल्यावर तो कोणाकडून घेतला ही सगळी माहिती दिली, असं दाखवता आलं तर माणूस सुटू शकतो. भोळ्या दुकानदारासाठी ठेवलेली ही खिडकी आहे. तुमच्या मुलाने ती दोन्ही बाजूंनी स्वतःच बंद केली आहे. एकीकडे तो प्रत्येक पोस्टवर 'फर्स्ट कॉपी' लिहिणार, म्हणजे माल खोटा आहे हे मला ठाऊक होतं असा कबुलीजबाब फोटोसकट देणार. दुसरीकडे, कोणाकडून घेतला म्हणून विचारलं तर त्याच्याकडे व्हॉट्सऍपवरचा एक डीपी आहे. 'आम्ही उघड सांगतो' हे गिऱ्हाइकाला फसवलं नाही याचं उत्तर झालं. ज्याचं नाव वापरलं, त्याला विचारलं का, हा प्रश्न तसाच राहतो.

आणि धाड पडते कशी? पोलीस स्वतःहून बूट शोधत फिरत नाहीत, त्यांना बाकीची कामं आहेत. कंपन्या तपास करणाऱ्या एजन्सी नेमतात. त्यांचा माणूस आधी गिऱ्हाईक बनून एक जोड मागवतो, ऑनलाइन पैसे भरतो, खोका फोडतो, फोटो काढतो. पैसे कोणाच्या नावावर गेले ते त्याच्या फोनवरच उमटतं. मग तो अधिकारपत्र घेऊन पोलीस ठाण्यात जातो. ट्रेडमार्क कायद्याखाली झडतीला डीवायएसपी किंवा त्यावरच्या हुद्द्याचा अधिकारी लागतो, आणि आधी रजिस्ट्रारचं मतही घ्यावं लागतं. कॉपीराइट कायद्याखाली फौजदार पुरतो, आणि कंपनीचा लोगो हे चित्र असल्यामुळे त्याला कॉपीराइटही असतो. म्हणून पेपरात बातमी बुटांची असते आणि कलम मात्र कॉपीराइटचं, 63. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये स्पष्ट केलंय. पंच येतात, माल मोजला जातो, पोत्याला लाखेचं सील बसतं. आणि तपासात लागणारं बँक खातं पोलिसांना गोठवता येतं. पुढच्या एक तारखेला पेन्शन जमा होईल, काढता येणार नाही, आणि तुम्ही बँकेच्या काउंटरवर उभ्या राहून आपण शाळेत भूगोल शिकवत होतो हे सांगत बसाल. मला हे चित्र नकोय.

दिवाणी कोर्टातली एक गोष्ट मला नेहमी आवडत आली आहे. कंपन्यांना नकली माल कोण विकतंय हे माहीत नसतं, पण कोणी तरी विकतंय एवढं नक्की असतं. तेव्हा अनोळखी प्रतिवादीविरुद्ध दावा लावता येतो. परदेशात त्याला जॉन डो म्हणतात. आपल्या कोर्टांनी त्याचं बारसं 'अशोक कुमार' असं केलं. दिल्ली हायकोर्टात असे कितीतरी अशोक कुमार झाले. कोर्टाने नेमलेला कमिशनर दुकानात, गोडाऊनमध्ये जातो, आणि जो सापडेल त्याचं खरं नाव अशोक कुमारच्या जागी लिहिलं जातं. पुतियानचा कारखानदार आयुष्यभर अशोक कुमारच राहणार. सहकारनगरच्या फ्लॅटला मात्र दारावर पाटी आहे.

आता त्याच्या दुसऱ्या मुद्द्याकडे: कंपन्या लुटतात. इथे मी त्याच्याशी फार भांडणार नाही. तेरा हजारांच्या बुटात चामडं-रबर कितीचं आणि जाहिरात कितीची, हे मलाही कळतं. नकली बूट घालून कुणी मरत नाही. माझ्या स्वतःच्या कपाटात भाचीने दिलेली एक पर्स आहे, तिच्यावरचं इटालियन नाव शुद्धलेखनाच्या दृष्टीने संशयास्पद आहे. पण बनावट मालाला आपला बूट कुठे संपतो आणि ब्रेक कुठे सुरू होतो हे कळत नाही. आमच्या स्कूटरला एकदा गॅरेजवाल्याने 'कंपनीचेच' म्हणून ब्रेक शू टाकले, डबी अगदी हुबेहूब. सासवडहून परत येताना दिवे घाटाच्या उतारावर ब्रेक दाबला तर नुसता खरखर आवाज. ह्यांनी गिअर उतरवत, पाय घासत कशीबशी गाडी कडेला घेतली. नंतर ड्रम उघडला तेव्हा लायनर शू सोडून सुटा पडला होता, डिंकाने चिकटवलेल्या पाकिटासारखा. गॅरेजवाल्याने खांदे उडवले: 'डबी तर कंपनीचीच होती ताई.' औषधांचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सांगितलं होतं की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहातलं एक औषध दर्जाहीन किंवा बनावट असतं. नकली डबी छापणारा आत काय जाणार हे विचारत नाही.

शिवाय नावाचा कायदा फक्त धनदांडग्यांचा आहे हा समज पुण्यात तरी राहू नये. आपल्याकडचं 'बर्गर किंग' आठवतं? 1992 पासून इथे चालणारं उपाहारगृह. अमेरिकेच्या त्याच नावाच्या कंपनीने 2011 मध्ये त्यांच्यावर दावा लावला, भारतात त्यांचं पहिलं दुकान उघडलं ते 2014 मध्ये. पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने 2024 मध्ये कंपनीचा दावा फेटाळला, कारण इथे ते नाव आधीपासून हे लोक वापरत होते. त्याच डिसेंबरात हायकोर्टाने अपिलाच्या निकालापर्यंत नाव वापरायला मनाई केली, आणि 2025 च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने त्या मनाईलाच स्थगिती दिली. शेवट काहीही होवो, एका गावातलं उपाहारगृह जगभर पसरलेल्या कंपनीसमोर इतकी वर्षं उभं राहिलं ते याच कायद्याच्या आधाराने.

आणि ती कोल्हापुरी चप्पल. जून 2025 मध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीने मिलानच्या शोमध्ये तसल्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा तुमच्या मुलाला राग आला. बरोबरच होतं. पण त्यातली कायद्याची बारीक मेख त्याला सांगा, कारण ती त्याच्या कामाची आहे. कोल्हापुरीला 2019 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे धरून. जीआय सांभाळतो ते 'कोल्हापुरी' हे नाव. नाव न घेता तशी चप्पल शिवणाऱ्याला त्याने धरणं अवघड. प्राडाला ज्या फटीतून जाता आलं, त्याच फटीतून तुमच्या मुलालाही सरळ मार्गाने जाता येईल. पांढरा, साधा, कुणाचंही नाव आणि खूण नसलेला बूट विकायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही. फक्त कंपनीचे पट्टे, बाकदार खुणा, किंवा एखाद्याचं नोंदवलेलं डिझाईन उचलायचं नाही. 'थोडं बदललंय, एक अक्षर वेगळं आहे' हेही चालत नाही. फसवं साम्यही त्याच गुन्ह्यात येतं, आणि अशा एका अक्षराच्या हुशारीपायी आलेले अशील मी ढिगाने बघितलेत.

आग्र्याला असे बिननावाचे बूट बनवणारे आहेत. ते बिल देतात, जीएसटी नंबर देतात, आणि सांगाल ते नाव सोलवर उमटवून देतात. तुमच्या मुलाला रील्स करता येतात, गिऱ्हाइकाशी गोड बोलता येतं, त्याच्यावर कुणाचा तरी विश्वास बसतो. हे भांडवल खरं आहे, ते दुसऱ्याच्या नावाखाली का जाळायचं? स्वतःचं नाव नोंदवायला एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाचे साडेचार हजार रुपये लागतात, पादत्राणांचा वर्ग 25. कार्यालय मुंबईला अँटॉप हिलला आहे, पण जायची गरज नाही. अर्ज केल्या दिवसापासून नावापुढे टीएम लावता येतं. गोलातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच, आधी लावणं बेकायदा. परीक्षण होतं, मग जर्नलमध्ये नाव छापून येतं, चार महिने कुणाची हरकत येते का बघतात, आणि मिळालं की दहा वर्षं. दहा वर्षांनी पुन्हा फी भरायची. खरं सांगायचं तर हा बूट चोवीसशेला जाणार नाही. पहिलं वर्ष रडतखडत जाईल. राज्याबाहेर माल पाठवायचा तर उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागेल, ती भानगड निराळी.

एफडीचं माझं मत: दोन लाख नाही. बिलाचा माल आणणार असेल तर पन्नास हजार द्या, उसने म्हणून, वहीत लिहून. आणि त्याआधी एक विचारा. त्याच्या खात्यातून कापले जाणारे हप्ते कसले आहेत? तुमच्या पत्रात ते वाक्य इतक्या पटकन येऊन गेलं की मी दोनदा वाचलं. कदाचित बुटांच्या आड तो कर्ज लपवतोय. ऍपवरून घेतलेलं असेल तर आकडा ऐकून दचकू नका, आधी ऐकून घ्या.

त्याच्याशी वाद घालू नका, तुम्ही हराल. त्याच्याकडे मुद्दे जास्त आहेत. त्याऐवजी शाळेत घ्यायचात तशी हजेरी घ्या. एक फुलस्केप कागद, आडव्या रेघा. बूट बनवणारा कोण. त्याच्याकडून घेणारा कोण. दिल्लीला, मुंबईला माल ठेवणारा कोण. बिल कोणाच्या नावाचं. मालाचे पैसे कोणाच्या खात्यात जाणार. पार्सल कोणाच्या पत्त्यावर. गिऱ्हाईक पैसे कोणाला देणार. पेन त्याच्या हातात द्या आणि त्यालाच लिहायला लावा, फक्त नाव आणि गाव, टोपणनाव नको. वरचे रकाने भरताना तो किती वेळ पेन चावतो ते बघत बसा. खालच्या दोन रकान्यांत लिहायला त्याला विचार करावा लागणार नाही, तुमचं नाव त्याला पाठ आहे. काही बोलू नका, उठून चहा टाका.

राहिले सात जोड. विकायचे नाहीत, मित्रांना 'फुकट' देऊन फोटो टाकायचे नाहीत, आणि सोसायटीच्या वॉचमनला देऊन पुण्य तर मुळीच नाही, तो पुढे विकेल आणि विचारलं तर तुमच्याकडे बोट दाखवेल. सहा जोड कात्रीने कापून मग कचऱ्यात. सातवा तुमच्या मापाचा. स्वतःच्या पायात घालणं हा काही व्यापार नव्हे, तळजाईला खुशाल घाला. फक्त उतरताना गवताच्या बाजूने, हळू या. दिवे घाटातला लायनर मी अजून विसरले नाही, आणि सोल्यूशनचा वास अजून येतोय म्हणजे ते पुरतं वाळलेलं नाही.